महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या वाटेवरची निर्वासितांची गावं

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडी धरायची तर मलकापूर नाहीतर शेगाव गाठायचं, आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघायचं असेल तर डोळे मिटून महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं. गोंदियाहून सुटलेली ही गाडी विदर्भ, खानदेश, नगर, पुणे, सातारा, सांगली असं करत कोल्हापूरला टेकते. तेराशे किलोमीटरहून जास्त धावते, पण राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. इतकी घरगुती गाडी दुसरी नसेल. डब्यात शिरावं तर कोणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेलं असतं, कोणी नवस फेडायला. तरीही या गाडीच्या दोन्ही टोकांना परक्या मुलखातून जीव मुठीत धरून आलेल्या माणसांनी गावं वसवली. कोल्हापूरच्या टोकाला पोलंडच्या लोकांचं गाव होतं. गोंदियाच्या टोकाला तिबेटी लोकांचं गाव आहे. यातल्या ‘होतं’ आणि ‘आहे’ मधलं अंतर कसं पडलं, ते या लेखात पाहू.

देश संकटात सापडला, तिथले लोक दुसऱ्या देशात धावले, आणि त्या देशाने म्हटलं, ‘परिस्थिती निवळेपर्यंत राहा, तोवर तुम्हाला परत पाठवणार नाही,’ तर त्याला तात्पुरतं संरक्षण म्हणतात. हे नागरिकत्व नव्हे, कायमच्या वास्तव्याचा परवानाही नव्हे. अमेरिकेने 1990 साली त्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद केली. तिचा पहिला लाभ यादवी युद्धाने पोळलेल्या एल साल्वादोरच्या लोकांना मिळाला. एका वेळी जास्तीत जास्त अठरा महिने, पुढे मुदतवाढ सरकारच्या मर्जीवर. युरोपीय संघाने 2001 साली तसाच नियम केला आणि तो एकवीस वर्षं कपाटात ठेवला. मार्च 2022 मध्ये युक्रेनचे लोक लाखोंनी सरहद्द ओलांडू लागले तेव्हा तो पहिल्यांदा बाहेर निघाला.

महाराष्ट्रात मात्र या दोन्ही कायद्यांच्या कितीतरी आधी, त्यांचं नावही नसताना, अशा संरक्षणाचा पाच वर्षांचा प्रयोग होऊन गेला होता. तो झाला कोल्हापूरच्या अलीकडे, वळिवड्याला.

मिरजेहून येताना रुकडी मागे पडली की वळिवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. 1943 च्या जूनमध्ये इथे गाड्या थांबल्या, आणि त्यांतून गोऱ्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं उतरली. तरुण पुरुष जवळजवळ नव्हतेच. साहेब लोक म्हणावं तर अंगावर धड कपडे नव्हते. पुढच्या काही महिन्यांत त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली.

ती आली होती पोलंडहून, पण सरळ वाटेने नव्हे. 1 सप्टेंबर 1939 ला हिटलरने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला स्टालिनचं सैन्य पूर्वेकडून घुसलं. पूर्व पोलंडमधले शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, माजी सैनिक यांची कुटुंबं सोव्हिएत पोलिसांनी घरातून उचलली. त्यातली पहिली मोठी धरपकड 10 फेब्रुवारी 1940 ची, ऐन थंडीतली. माणसांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तानकडे नेलं. तिथे लाकूडतोड, उपासमार, टायफस. मग जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि स्टालिनला मित्रांची गरज लागली. पोलंडचं सरकार तेव्हा परागंदा होऊन लंडनमध्ये बसलं होतं. त्याचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात 30 जुलै 1941 ला करार झाला आणि या लोकांना ‘माफी’ मिळाली. त्यांनी गुन्हा कोणता केला होता, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

सुटलेले पुरुष जनरल आंदेर्स यांच्या फौजेत भरती होऊ लागले, आणि फौजेच्या मागोमाग बायकामुलंही दक्षिणेकडे सरकत गेली. 1942 मध्ये कॅस्पियन समुद्रावरून बोटींनी एक लाखाहून जास्त पोलिश माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. फौज पुढे लढाईवर गेली. उरलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न इंग्रजांपुढे आला. इराणमध्ये अन्नाची टंचाई होती. कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिको आणि न्यूझीलंडला. काही आले हिंदुस्थानात.

इथे पहिला मान नवानगरच्या जामसाहेबांचा, आणि तो खरोखरच त्यांचा आहे. दिग्विजयसिंहजींनी 1942 साली आपल्या संस्थानात बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. खुश्कीच्या मार्गाने, मशहद-झाहेदान-क्वेट्टा असं करत आलेल्या मुलांची पहिली तुकडी आधी मुंबईत वांद्र्याला काही महिने राहिली आणि मग बालाचडीला गेली. वॉर्सात आज त्यांच्या नावाचा चौक आहे. ही गोष्ट आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. वळिवड्याची छावणी त्याहून कितीतरी मोठी असूनही मागे राहिली, याचं कारण मला वाटतं तिच्या गोष्टीत राजा नाही. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1940 सालीच वारले होते, दत्तक घेतलेला वारस तान्हा होता आणि कारभार रीजन्सीकडे होता. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी आसरा दिला’ हे वाक्य भाषणात शोभतं, पण त्या वेळी आसरा द्यायला गादीवर कर्ता महाराज नव्हता. जमीन संस्थानची होती, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची, आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा. ते सरकारही इंग्रजांच्या कर्जावरच उभं होतं. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या कामात जिवाचं रान केलं. कीराबाई पुढे भारतातच राहिल्या.

छावणी म्हटल्यावर काटेरी तार डोळ्यांपुढे येते. वळिवडे तसं नव्हतं. पंचगंगेच्या परिसरात मोकळ्या माळावर बराकींच्या लांबच लांब ओळी उभ्या होत्या. दगडी जोतं, वर कौलं, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, पुढे पडवी. एका बराकीचे भाग पाडून कुटुंबाकुटुंबांना खोल्या वाटून दिलेल्या. तट्ट्याची भिंत म्हणजे शेजारच्या खोलीतला खोकलासुद्धा आपलाच. पण सायबेरियात तीन-चार कुटुंबांना मिळून एक खोली मिळालेल्या बाईला दाराला आतून कडी लावता येणं हीच श्रीमंती वाटली असणार. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. त्यासाठी दरमहा भत्ता मिळे आणि भाजी, अंडी, कोंबड्या, कोळसा विकायला आसपासचे लोक येत. कोल्हापूरचा बाजार असा आयताच पोलिश आकडे शिकला आणि पोलिश बायका मराठीत घासाघीस करायला.

वर्षभरात माळावर एक गावच उभं राहिलं. चर्च, दवाखाना, पोस्ट, नाट्यगृह, बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळं पोलिश भाषेत. स्काउटची पथकं होती, आणि ती चालवायला आले झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. रशियात पोलिश अधिकाऱ्यांची कातिन इथे कत्तल झाली. तिच्यातून वाचलेल्या थोड्या अधिकाऱ्यांपैकी ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातला पोलिश माणूस’, नावाचं नियतकालिक निघे. ज्यांना इथली हवा सोसली नाही किंवा ज्यांची छाती कमजोर होती, त्यांना पाचगणीला पाठवत.

शाळेवर एवढा जोर का, याचा विचार केला की तात्पुरतेपणाचा अर्थ कळतो. ही मुलं परत जाणार, हे गृहीत होतं. त्यामुळे त्यांना मराठी किंवा इंग्रजीत घडवायचं नव्हतं. ज्या देशात ती जाणार त्या देशासाठी तयार करायचं होतं. पोलंडचा भूगोल, पोलंडचे राजे, पोलंडच्या नद्या, हे सगळं ती पंचगंगेच्या काठी शिकत होती. यजमानालाही हेच सोयीचं होतं. युद्ध संपलं की पाहुणे जाणार, एवढ्या एका वाक्यावर सगळी व्यवस्था तोललेली होती.

पोलिश घरात नाताळच्या आदल्या रात्री जेवताना एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या वाटसरूसाठी. वळिवड्यात ते ताट मांडताना बायकांच्या मनात कोण असेल, हे सांगायला नको. त्यांचे नवरे आणि मुलगे इटलीत लढत होते. 18 मे 1944 ला मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी झेंडा लावला. आणि एक योगायोग असा की त्याच इटलीत मराठा पलटणीही होत्या. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर मोठा हल्ला झाला. एका भागात पोलिश कोअर नदी ओलांडत होती, दुसऱ्या भागात आठवी इंडियन डिव्हिजन. त्याच दिवशी, त्याच नदीवर, नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना वाचवून शत्रूची मशीनगन ठाणी एकट्याने निकामी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मराठी घरातले पुरुष आणि वळिवड्यातल्या बायकांचे पुरुष एकाच नदीच्या पाण्यात उतरले होते. दोघांच्या बायका इथे, एकाच मुलखात, तारेची वाट बघत होत्या.

मग युद्ध संपलं, आणि ‘युद्ध संपलं की पाहुणे जाणार’ हे वाक्यच मोडलं. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असं ठरलं. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं नेमकी तिथली. त्यांचं गाव होतं तिथेच होतं. पण पोलंड त्याच्यावरून उठून पश्चिमेला सरकला होता. त्यातून वॉर्सात सत्तेवर आलेले कम्युनिस्ट, म्हणजे ज्यांनी मालगाडीत घातलं त्यांचेच सोबती. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली. ज्या सरकारच्या नावावर छावणीचा खर्च चालत होता, ते सरकारच कागदावरून पुसलं गेलं. पुढचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत संघटनेवर पडला.

तात्पुरत्या संरक्षणाची खरी परीक्षा इथे असते. ‘परिस्थिती निवळली’ म्हणजे काय, आणि हे ठरवायचं कोणी? गोळीबार थांबला होता, पण परतायला घर उरलं नव्हतं. काही थोडे पोलंडला गेले. ब्रिटनने 1947 साली पोलिश पुनर्वसन कायदा करून आपल्या बाजूने लढलेल्या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना ठेवून घेतलं. त्यामुळे वळिवड्याच्या पुष्कळ बायकामुलांना मुंबईहून इंग्लंडची बोट मिळाली. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला गेले, काहींची रवानगी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत झाली. 1948 मध्ये वळिवडे रिकामं झालं. मागे राहिली ती काही थडगी, आणि इथल्याच मुलांशी लग्न करून संसाराला लागलेल्या दोन-चार मुली.

म्हणजे पाहुणे यजमानाच्या अपेक्षेप्रमाणे गेले खरे. पण घरी कोणीच गेलं नाही म्हटलं तरी चालेल.

बराकींना मात्र विश्रांती मिळाली नाही. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाल्यावर, सिंधी हिंदू बोटी भरभरून मुंबईला येऊ लागले. सरकारने मिळेल ती रिकामी लष्करी जागा त्यांना दिली. कल्याणजवळच्या पाच लष्करी कॅम्पांचं 1949 साली उल्हासनगर झालं. वळिवड्याच्या बराकींत सिंधी कुटुंबं आली आणि त्या वस्तीचं नाव पडलं गांधीनगर. आज ती कपड्यांची दक्षिण महाराष्ट्रातली मोठी घाऊक पेठ आहे. तीच कौलं, तेच तट्टे. पोलिश कुटुंबांनी त्यांत पाच वर्षं काढली आणि ती गेली. सिंधी कुटुंबांनी तिथे दुकानं थाटली. फरक त्यांच्या चिकाटीत नव्हता. पोलिश माणूस कागदोपत्री परदेशी होता. सिंधी माणसासाठी राज्यघटनेत सहावं कलम लिहिलं गेलं होतं: 19 जुलै 1948 च्या आधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेला नागरिक, त्यानंतर आलेला असेल तर सहा महिने राहून नोंदणी केली की नागरिक. एकाला पाहुणा म्हणून घेतलं होतं, दुसऱ्याला भाऊ म्हणून. मलकापूर, खामगाव, शेगावच्या बाजारात आज सिंधी दुकानदाराकडून कापड फाडून घेताना हा माणूस एके काळी निर्वासित होता असं कोणाच्या मनात येत नाही. त्या पिढीला तो शब्द आवडतही नव्हता. ‘शरणार्थी नाही, पुरुषार्थी म्हणा,’ असं ते सांगत.

आता गाडीचं दुसरं टोक. गोंदियाला उतरून बल्लारशाकडच्या लाइनवर गेलं की अर्जुनी मोरगाव लागतं आणि तिथून जवळ गोठणगावच्या बाजूला नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत. 1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासाहून निसटले आणि त्यांच्यामागे तिबेटी लोक येत राहिले. विदर्भातली ही वसाहत 1972 सालची. धानाच्या शिवारात बौद्ध पताका फडफडताना पाहून नवखा माणूस थबकतो. दिवाळी सरली की विदर्भातल्या शहरांत जे तिबेटी स्वेटरवाले दुकानं मांडतात, ते अशाच वसाहतींतून येतात. आपल्यापैकी कित्येकांचं पहिलं स्वेटर त्यांच्याकडचं.

या दोन टोकांना जोडणारं एक नाव आहे: वांदा दिनोव्स्का. पोलंडची ही विदुषी थिऑसॉफीच्या ओढीने भारतात आली आणि उमादेवी झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरसोबत तिने 1944 साली पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. हे फ्रीडमन म्हणजे औंध संस्थानात स्वराज्याचा प्रयोग घडवायला हातभार लावणारे, आणि पुढे मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणारे. उमादेवी उतारवयात धर्मशाळेत तिबेटी निर्वासितांसाठी राबल्या.

तिबेटी माणसाकडे इथे असतो तो नोंदणीचा दाखला. तो ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यायचा. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपत्र. साठ वर्षं उलटली तरी कागद तात्पुरताच आहे. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेले मात्र कायद्याने नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 साली एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या खटल्यात मान्य केलं. तरीही अनेकजण तो हक्क बजावत नाहीत. नागरिक झालो तर तिबेटचा प्रश्न आपल्या घरातच संपला, अशी त्यांची भावना. तात्पुरता कागद मुद्दाम जपून ठेवणारे लोक जगात फार नसतील.

या सगळ्याच्या मागे निर्वासितांचा कायदा कुठे आहे, असं कोणी विचारेल. तो नाहीच. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. परदेशी माणसाचा कायदा म्हणजे 1946 चा परकीय नागरिक कायदा होता. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. बाकी सगळं सरकारी आदेशांवर. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठी ‘लाँग टर्म व्हिसा’ आहे. जुलै 2016 मध्ये केंद्राने असा व्हिसा असलेल्यांना बँकेत खातं उघडायला, राहण्यापुरतं घर घ्यायला, धंदा करायला, पॅन आणि आधार काढायला मुभा दिली. त्याच डिसेंबरात नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे अशा काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. बुलढाणा त्या यादीत नव्हता. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा नागपूरच्या जरीपटक्यातल्या अनेक घरांत धडकी भरली. पाकिस्तानी हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम राहतील, हा खुलासा लगोलग आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात परदेशी माणसाची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. एका टेबलावरचं रजिस्टर, एक शिक्का आणि पुढची तारीख, एवढ्यावर एखाद्याचा संसार उभा असतो.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ 1998 साली उभा राहिला. 2019 च्या सप्टेंबरात, युद्धाला ऐंशी वर्षं झाली म्हणून, वळिवड्यात वाढलेले काही म्हातारे पोलंडच्या परराष्ट्र उपमंत्र्यांबरोबर कोल्हापूरला आले. वॉर्सातही 2017 पासून कोल्हापूरचं स्मारक आहे; ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली.

पण स्मारकापेक्षा मला 2022 चा फेब्रुवारी महत्त्वाचा वाटतो. युक्रेनमध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा तिथे हजारो भारतीय मुलं डॉक्टरकी शिकत होती. युरोपचं तात्पुरतं संरक्षण त्यांच्यासाठी नव्हतं. ज्यांना आपल्या देशात सुखरूप परतता येतं त्यांना ते लागू होत नाही. पण सरहद्द तर ओलांडायला हवी होती. पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आत घेतलं. पोरं कडाक्याच्या थंडीत कित्येक किलोमीटर चालत, मोबाइलची बॅटरी वाचवत त्या सरहद्दीवर पोचली. ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं पोलंडच्या झेशूफ विमानतळावरून उडत होती. पोलंडने दिलेली मुदत पंधरा दिवसांची होती. बहुतेकांना तेवढीही लागली नाही.